रस्त्याकडची भिंत

रविवार, १४ मार्च

जावईबापू,

तुम्हा दोघांना आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. माझा गुडघा आहे तसाच आहे, आणि तुमच्या सासूबाईंचं माझ्यावर ओरडणंही आहे तसंच आहे. ठमी कशी आहे? पत्र वाचताना ती शेजारी असेल तर असू द्या. असलेलीच बरी.

दोन वर्षांत तुमचा दोघांचा पाय या घराला लागला नाही. "माझ्या नवऱ्याबद्दलचे शब्द आधी परत घ्या, मग येईन," असं ठमी म्हणाली आणि मी फोन आपटला. बसडेपोत तीस वर्षं टाइमकीपर होतो. एकदा लिहिलेला शेरा खोडायचा नाही, ही तिथली सवय घरीही आणली.

असो. बातमी अशी की घराला बाहेरून रंग द्यायचं काढलंय. म्हणजे एकाच भिंतीला, रस्त्याकडच्या. बाकीच्या तीन भिंतींवर तुम्ही दिलेला रंग अजून ठणठणीत आहे. हात फिरवला तर तळव्याला भुकटी लागत नाही. खरं सांगायचं तर आसपास कोणी नसलं की मी दोन वर्षं तो हात फिरवून बघतोय.

रस्त्याकडच्या भिंतीचं तुम्हाला माहीतच आहे. चार महिन्यांत फोड आले, पापुद्रे सुटले. ठमीच्या मामांसमोर, शेजाऱ्यांसमोर मी तोंड सोडून बोललो, की घरच्या माणसाला काम दिलं की असंच व्हायचं. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवणारे तुम्ही, मान खाली घालून एवढंच म्हणालात, की पुन्हा करून देतो. मी तेही नको म्हटलं.

मंगळवारी नवा रंगारी आला. भलताच बोलका. त्यानं भिंतीवर वहीएवढा प्लास्टिकचा तुकडा लावून चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली. आत ओल असेल तर दुसऱ्या दिवशी प्लास्टिकला आतून घाम धरतो म्हणे. नाही धरला. मग एक पापुद्रा नखानं सोलत तो म्हणाला, आता भिंत कोरडी आहे काका, पण रंगवली तेव्हा ओली होती. ओल्या भिंतीवर प्राइमर मारणाऱ्याला ब्रश धरायचीसुद्धा अक्कल नसणार.

जावईबापू, माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं," मी ओरडलो. "भिंतीला पाणी मी मारलं होतं!"

समोरच्या गॅलरीतली शेजारीण कपडे वाळत घालायची थांबली.

तर हे असं आहे. आता सविस्तर लिहितो, अर्धवट सांगितलेलं ठमीला चालत नाही. तुम्ही भिंती खरवडून, धुऊन वाळत ठेवल्या होत्या. रंग टिकतो तो डब्यामुळे नाही, या थांबण्यामुळे, असं तुम्ही मला समजावलंत. पण मला ते थांबणं सोसेना. गाडी सुटायची वेळ झाली आणि ड्रायव्हर चहा पीत बसलाय, असंच मला वाटायचं. चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही दोघं सामान आणायला गेलात आणि मला त्या भिंतीवर धूळ दिसली. म्हटलं, जावई दमलाय, एवढं तरी आपण करू. नळी लावली आणि भिंत वरपासून खालपर्यंत धुतली. उन्हानं ती वरवर लगेच वाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिला तळवा टेकवलात आणि मला विचारलंत, "बाबा, इथे पाणी लागलंय का?"

मी म्हणालो, "छे."

तुम्ही प्लास्टिक लावून बघितलं नाहीत. सासऱ्याच्या शब्दावर डबा उघडलात. ते आठवलं की मला अजून माझीच लाज वाटते. धुतलं ते चुकून, पण ते "छे" काही चुकून नव्हतं.

रंगाऱ्यासमोर ओरडून झाल्यावर मी घरात आलो. तुमच्या सासूबाई भाजी निवडत होत्या. मला ठाऊक होतं, म्हणाल्या, त्या भिंतीपाशी कुंड्यांखाली तेव्हा चिखल झाला होता. मग इतके दिवस बोलली का नाहीस, विचारलं, तर म्हणाल्या, "ते तुमच्या तोंडून यायला हवं होतं."

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. इतकं हलकं वाटलं की लगेच ठमीच्या मामांना फोन लावून सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. हसू देत. शेजाऱ्यांना सांगायची गरज पडली नाही, ते काम गॅलरीतून झालं होतं.

रंगाऱ्याला चहा पाजून परत पाठवलंय. हात पोहोचले तिथवरचे पापुद्रे मी खरवडलेत, वरचे राहिलेत. भिंत धुतलेली नाही. नळी तुमच्या सासूबाईंनी कपाटात घालून कुलूप लावलंय आणि किल्ली मला देत नाहीत. रंग कोणता ते ठमीला ठरवू द्या.

या. वाळायला चार दिवस लागोत नाहीतर दहा, आपण दोघं भिंतीसमोर खुर्च्या टाकून बसू. मनगटावरचं घड्याळ मी घरात काढून ठेवीन.

ठमे, शब्द परत घेतले आहेत. सगळे.

पाणी मारून नाही म्हणालेला,
तुमचा
बाबा