नाष्ट्यासकट खोली

१२ ऑक्टोबर

तीन किलो पोहे लागले! म्हणजे तीसेक माणसं. जिल्हा परिषदेची आरक्षण सोडत जवळ आली की आमच्या दारातल्या पत्र्याच्या मांडवात गर्दी वाढते. सगळ्यांना मामंजींचा एकच कळवळा — "बबनराव आबा, गट खुला सुटू द्या, मग तुमीच!" मामंजी "बघू, बघू" म्हणतात आणि आत बघून ओरडतात, "नाष्टा आणा रे!" या घरात आत 'रे' कोण आहे ते मी अकरा वर्षं शोधतेय.

सगळ्यांचं झालं की मी खाते. तळाचे. गार. ओट्यापाशी उभी राहून.

१४ ऑक्टोबर

नवलच! हे म्हणाले, भाऊबीज झाली की लेकरांना घेऊन कोल्हापूरला जाऊ. तीन रात्री. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा. मी दोनदा विचारलं — आपण चौघंच? चौघंच म्हणाले. गाडी आणि ड्रायव्हर मामंजींचे, पण मामंजी नाहीत. माणसं नाहीत. मांडव नाही.

तोंडावर फार आनंद दाखवला नाही. दाखवला की या घरात बेत बदलतो.

१५ ऑक्टोबर

मोबाइलवर हॉटेल बघितलं. एकाच खोलीचे दोन भाव — नाष्ट्यासकट आणि नाष्ट्याशिवाय. ह्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?" मी तोंड उघडेपर्यंत उत्तरही ह्यांनीच दिलं. "लेकरं काय खातेत? अंगद चहात बिस्कीट बुडवतो. राजी नुसतं दूध. सगळं फुकट जाईल. बाहेर गाड्यावर खाऊ की."

चुकीचं काही नाही त्यात. दोघं मिळून एक बिस्किटाचा पुडा संपवत नाहीत. पण मी काय खाते, हे कुणी विचारलं?

इथं कुणी वाचत नाही म्हणून लिहिते — मला तो नाष्टा पाहिजे! लेकरांसाठी नाही, मला. एक सकाळ खुर्चीवर बसून, गरम, दुसऱ्या कुणीतरी केलेला. शेवटचा आयता नाष्टा मिळाला तो अंबाजोगाईला, कॉलेजात असताना, हॉस्टेलच्या मेसमध्ये. तिथल्या उप्पिटाला आम्ही पोरी सिमेंट म्हणायचो. अन्नाला नावं ठेवली की असं होतं.

१६ ऑक्टोबर

लेकरांच्या नावानं लढायचं ठरवलं. आपल्याकडं बाईला काही पाहिजे असलं की ते आधी लेकराला पाहिजे असावं लागतं.

१८ ऑक्टोबर

लढाई झाली. म्हटलं, अंगदला बाहेरचं बाधतं, गेल्या साली तुळजापूरला काय झालं आठवतं ना? हे म्हणाले, "मग हॉटेलातलं काय घरचं हाय का?" म्हटलं, सकाळी दोघांना आवरून रस्त्यावर गाडा शोधत फिरायचं, तेवढ्यात राजीला शी लागली की पुन्हा खोलीवर. हे म्हणाले, "अन् हॉटेलातला नाष्टा दहाला बंद होतो. सुट्टीत लेकरांना सातला उठवायचं? पाप लागंल." माणूस चांगला वकील झाला असता.

तेवढ्यात सासूबाई — "कावून भांडता? मी धपाटे देते की! दशम्या देते. शेंगदाण्याची चटणी देते. चार दिवस काय होत न्हाई."

'देते' म्हणाल्या. करणार कोण? मीच! म्हणजे माझा कोल्हापूरचा नाष्टा मी इथं चौसाळ्यात आदल्या दिवशी करायचा, डब्यात भरायचा, आठ तास गाडीतून न्यायचा आणि तिथं गार खायचा. गार खाणं तर इथंही जमतं.

१९ ऑक्टोबर

जिंकले! नाष्ट्यासकट! माझं एकही म्हणणं पटलं नाही. नाष्ट्याशिवायच्या खोल्या संपल्या होत्या.

२६ ऑक्टोबर

दिवाळी उरकली. उद्या पहाटे निघायचं. आज चाळीस धपाटे केले. तरीसुद्धा.

२७ ऑक्टोबर, कोल्हापूर

पोचलो. राजी दोनदा ओकली, अंगदनं 'आलं का' शंभरदा विचारलं. टेबलावर एक कार्ड आहे — नाष्टा साडेसात ते दहा, तळमजला. दोनदा वाचलं. हे म्हणाले, काय वाचतेस एवढं? म्हटलं, काही नाही, नियम.

२८ ऑक्टोबर

काय लिहू!

सातलाच केस विंचरून तयार होते. लेकरांना ओढून उठवलं. जिन्यात फोडणीचा वास आला — दुसऱ्याच्या हातच्या फोडणीचा! खाली आलो तर सोफ्यावर रामकिसनकाका बसलेले. आमच्याच चौसाळ्याचे. ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन मुकादम म्हणून इकडं येता येता इथंच बंगला बांधून राहिले. मामंजींचा जुना माणूस. मामंजींचा माणूस कुठं नाही? चंद्रावर गेलो तरी एखादा सोफ्यावर बसलेला असेल.

"रातीच आबांचा फोन आला. अमरदादा, आमी हितं असताना हॉटेलात नाष्टा? आमी मेलो का?"

हे लगेच, "छे छे काका, चला की!" माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हॉलचं दार उघडं होतं, इडल्यांची वाफ दिसत होती. मी गाडीत जाऊन बसले.

काकांकडं पुऱ्या, बटाट्याची भाजी, शिरा, उप्पीट — एवढं सगळं. पुरुष बाहेर टेबलावर. मी पायाच्या सवयीनं आत. काकांची सून, स्वप्नाली, एकटी कढईपुढं घामाघूम, लहान लेक पायाशी. आल्या आल्या मी लाटणं घेतलं. सुट्टीची पहिली सकाळ आणि मी कोल्हापुरात पुऱ्या लाटतेय! हसू यायला लागलं. तिनं विचारलं काय झालं, तर सांगून टाकलं — मला हॉटेलातला नाष्टा खायचा होता गं.

तिचा झारा तसाच हातात राहिला. "मग खायचा ना ताई! मी चारला उठले. फोन आला तवा मनात म्हणलं, हॉटेलाला काय आग लागली का? माझं माहेर पालीचं, तुमच्या चौसाळ्याच्या पुढचं. भाऊबीज राहिली होती, आज सहाच्या येष्टीनं जाणार होते. आमचे मामंजी म्हणले, पाव्हणे येणार हायेत, उद्या-परवा जा." मग एकदम जीभ चावली. "तुमाला न्हाई हं म्हणले."

मलाच म्हणाली होती, आणि बरोबर म्हणाली होती. अकरा वर्षं वाटत आलं की ओट्यापाशी उभी असलेली ती मीच. तिच्या घरात मी मांडवातली माणूस होते! लाज वाटली. खूप लाज वाटली. पुऱ्या मात्र चांगल्या फुगल्या.

निघताना काका म्हणाले, "उद्या बी हितंच. थालपीठ करायला सांगतो."

२९ ऑक्टोबर

सव्वासातला काका हजर. हे चपला घालायला लागले. मी बसूनच राहिले.

"काका, आज नाही. आज तुमच्या स्वप्नालीला आणि तिच्या लेकीला इकडं पाठवा. माझ्याकडं नाष्ट्याला."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता! काका म्हणाले, "हॉटेलात? आबांना काय सांगू?"

"सांगा, सुनेनं बोलावलंय."

काका ह्यांच्याकडं बघत होते, हे चपलेकडं. शेवटी काका गेले. अर्ध्या तासानं स्वप्नाली आली — ठेवणीतली साडी नेसून, लेकीच्या केसांना तेल लावून.

आणि मग खाल्ला नाष्टा! इडली, उप्पीट, मटकीची उसळ, पाव, कलिंगड, आणखी काय काय. आम्ही दोघींनी खाऊन झाल्यावर बश्या उचलल्या आणि मोरी शोधायला निघालो. वाढपी धावत आला — "ताई, ठेवा, ठेवा!" ठेवल्या. हात रिकामे झाले की करायचं काय, ते कळेना. परत जाऊन वाढून घेतलं. उप्पीट खरं तर अळणी होतं. तीनदा घेतलं.

लेकरांचं म्हणाल तर — अंगदनं चार इडल्या खाल्ल्या, घरी अर्धी खाताना रडतो. राजीनं साखरेच्या पुड्या फोडून साखर खाल्ली आणि दूध सांडलं. ह्यांनी आम्लेट तीनदा आणलं आणि दर वेळी 'वसूल' म्हणाले.

अंगद माझ्याकडं टक लावून बघत होता. "आई, तू बी नाष्टा करती?"

स्वप्नाली हसली. मीही हसले. नऊ वर्षांचा आहे तो. मला सकाळी बसून खाताना त्यानं एकदाही बघितलेलं नाही. त्याला वाटत असणार, आयांना सकाळची भूक नसते. वाईट वाटलं. रडू येईल असं वाटलं म्हणून कलिंगड आणायला उठले.

खोलीत आल्यावर ह्यांनी विचारलं, "मग, घ्यावा का पुढच्या वेळी? लेकरांसाठी म्हणून?" म्हटलं, लेकरांसाठी नका घेऊ. राजीला साखर घरीही मिळते. दूध सांडलेला राजीचा फ्रॉक ह्यांनी धुतला. दोरीवर उलटा वाळत घातला.

३० ऑक्टोबर

परत. स्वप्नाली आणि तिची लेक आमच्याच गाडीत, राहिलेल्या भाऊबीजेला. राजी तिच्या मांडीवर झोपून आली, ओकली नाही. चौसाळा आलं तसं हे म्हणाले, उतरून घेऊ, ड्रायव्हर सोडून येईल तिला. म्हटलं, नाही, मीच येते पालीपर्यंत. तिचा भाऊ रस्त्यावर येऊन उभा होता. ती त्याच्याकडं पळतच गेली, पिशवी गाडीतच राहिली. हाक मारून दिली.

घरी आल्यावर सासूबाईंनी डबा उघडला. चाळीसातले एकतीस धपाटे. "खाल्ले न्हाईत?" मामंजी मला बघून उठून मांडवात गेले. म्हणजे काकांचा फोन येऊन गेलाय.

३१ ऑक्टोबर

अडीच किलो. गार.

२ नोव्हेंबर

आज पातेल्यातून माझे पोहे आधी काढून ठेवले, झाकून. सासूबाई म्हणाल्या, "हे कुणाचं?" म्हटलं, माझं. म्हणाल्या, "बाई बाई!" एवढंच. मग बाहेरून दोघं जास्तीचे आले आणि झाकलेलेच द्यावे लागले.

५ नोव्हेंबर

सोडत निघाली. गट महिलांसाठी सुटला!

कढईतली फोडणी तेवढी ऐकू येत होती. मग कुणीतरी ओरडलं, "मग अमरदादाच्या मंडळी उभ्या करा! घर तर तेच हाय!" झालं, ठरलं. मला कुणी विचारलं नाही. अंगद आत धावत आला — "आई, तू निवडणुकीला उभी राहिलीस!" मी तेव्हा कांदा चिरत होते.

हार मामंजींना घातला. दुसरा ह्यांना. तिसरा हार आणलाच नव्हता. सगळे ह्यांचं अभिनंदन करत होते, ह्यांना काही झाल्यासारखं. बोर्डाचा नमुना संध्याकाळीच आला — मामंजी केवढे मोठे, हे मध्यम, आणि खालच्या कोपऱ्यात मी, लग्नातल्या मुंडावळ्यांसकट.

सासूबाई म्हणाल्या, "उद्या लई माणसं येतील. पाच किलो भिजव."

६ नोव्हेंबर

साडेसातला साठ माणसं. पाच किलो पोहे भिजवून निथळत ठेवले होते, तेल तापलं होतं. गॅस बंद केला. हात पुसले, पदर नीट केला आणि बाहेर गेले. मामंजींच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, हे फोनवर बोलत उभे होते. मीच तिथं बसले. म्हटलं, "अहो, आत नाष्ट्याचं तेवढं बघा. मला यांचं ऐकून घ्यायचंय."

साठ माणसं ह्यांच्याकडं बघत होती. हे मामंजींकडं. मामंजी समोर. हे आत गेले.

सुंदरराव म्हणून एक म्हातारे पुढं सरकले. वस्तीवरचा पूल वाहून गेलाय, म्हणाले. पहिल्यांदाच कुणी मला काही सांगत होतं. वहीत लिहून घेतलं.

नाष्टा यायला पावणेनऊ वाजले. पहिली बशी मी घेतली. करपले होते. गरम होते.