पलीकडची हाक

२ सप्टें. १९८४
पूर ओसरला. किसनभाऊ नाहीच. आमच्या घाटाचा नावाडी. पलीकडून कोणीतरी हाक मारली म्हणून भर पुरात एकटाच गेला. डोंगा खाली झाडात अडकलेला मिळाला, ओढून घाटावर आणला. माणसं पार मार्कंड्यापर्यंत शोधून आली. आमच्या वीज सबस्टेशनच्या आवारात अजून चिखल.

११ सप्टें.
संध्याकाळी फाटकाशी पारबताबाई, किसनभाऊची बायको. मी ड्यूटीवर.
"साहेब, हे तुमचं घुंघुं जरा बंद करा ना."
"काऊन बाई?"
"ते पलीकडून हाक मारून राह्यले. याच्या आवाजानं मले नीट आयकू येत नाई."
ट्रान्सफॉर्मर असा बंद करता येत नाही, दवाखाना आहे, गावाचं पाणी आहे... सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिथंच बसून राहिली.

३ ऑक्टो.
रोज येते. माझी बायको रंजना तिला चहा देते. आज जेवताना मला म्हणाली, "तुम्ही नदीत गेला असता आणि मी फाटकाशी आले असते, तर मलाही दवाखानाच सांगितला असता त्यांनी?"
घास गिळला.

१८ नोव्हें.
तेलगळती. दुरुस्तीला शटडाउन मिळाला. सकाळीच बाईला निरोप धाडला. का, कोण जाणे.
दाट धुकं. घरघर थांबली. इतकं शांत की कान दुखले. मग नदी ऐकू यायला लागली. आणि पलीकडून—
"ओऽऽ, डोंगा आणाऽऽ."
उतारू असेल कोणी. असणारच.
बाई माझ्याकडे पाहून हसली. पुरानंतर पहिल्यांदा. "आयकलं ना साहेब?"
हो म्हणालो. तशीच घाटाकडे निघाली. थांब म्हणायला हवं होतं, पण...

१९ नोव्हें.
बाई परतली नाही.
आज धुकं उठलं तर किसनभाऊचा डोंगा पलीकडे, नीट खुंटीला बांधलेला. शेजारी कोणीतरी उभं. हात हलवतंय. बाई की बाप्या, इथून कळत नाही.
किसनभाऊच्या भावाला, लक्ष्मणला म्हटलं, चल. तो घाटावरच बसला.
"मी नाई येत साहेब. तो हात कसा हालते, मले ठाऊक हाय."
आपला डोंगा तेवढा दिला. वल्हं मी कधी धरलेलं नाही. रंजना म्हणते, जा.
ड्यूटी दुसऱ्याकडे दिली. निघतो. अजून हात हलतोच आहे.