पिवळ्या पोटाची पद्मजा-चिमणी

गुलटेकडी, पुणे

ती. पद्मजाताईस श्यामचा नमस्कार.

तुझे गुडघे जिना चढू देतात का? भावजींचा खोकला बसला का? सूनबाईंची, अस्मिताची, कंबर कशी आहे? मांजरीण बरी असेलच. (पक्षी पाहणाऱ्याने तिची विचारपूस करू नये, पण घरचीच ती.) आम्ही ठीक.

चिमणीच्या नव्या उपजातीला तुझं नाव देणार, हे मी फोनवर बोलून गेलो आणि तू ते ज्येष्ठ नागरिक संघात सांगितलंस. आता रविवारी ते तुझा सत्कार करणार म्हणतेस. ताई, जरा बसून वाच.

आमच्या गच्चीवर पिवळ्याजर्द पोटाच्या अकरा चिमण्या यायच्या. माझ्याकडच्या एकाही पुस्तकात तशी चिमणी नाही. तीन महिने वहीत नोंदी केल्या, चित्रं काढली, चोचीची लांबी दुर्बिणीतून अंदाजाने मांडली (तुझ्या वहिनीच्या मते एवढं लक्ष मी मुलांच्या अभ्यासाकडे कधी दिलं नाही) आणि वर लाल शाईने ‘पद्मजा’ लिहिलं. मग पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्या तनुजाबाईंना बोलावलं. त्यांनी चहा घेतला, वही आदराने चाळली. तेवढ्यात एक पद्मजा पाण्याच्या परातीत उतरली, मनसोक्त फडफडली आणि बाहेर आली ती साधी घरचिमणी. परातीतलं पाणी पिवळं! तनुजाबाईंनी बोट बुडवून वास घेतला. म्हणाल्या, “काका, ही उपजात सांगलीकडची दिसते. हळद आहे.”

चिमण्या धुळीत लोळतात हे मला ठाऊक होतं. पण मार्केट यार्डात दत्तोबाच्या गोदामात हळदीत लोळतात, हे कोण छापणार? जाऊन पाहिलं तर बाकीच्या दहा जणी फाटक्या पोत्यापाशी रंगून बसलेल्या. दत्तोबा म्हणाला, “साहेब, रोजचं गिऱ्हाईक आहे. फुकटचं.”

तेव्हा संघाला तूच सांग आणि सत्कार थांबव. दोष माझ्यावर ढकल.

तुझा,
श्याम

ता. क. घाई करू नकोस. आज आंघोळीनंतरही एकीची शेपटी पांढरीशुभ्र राहिली. तनुजाबाई म्हणतात, असं एखादीचं असतंच. अगं, उपजातीची सुरुवात एखादीपासूनच होणार ना?

ता. क. २. गोदामाशेजारी पिठाची गिरणी आहे, हे भावजींना कळू देऊ नकोस. आणि सत्कार होऊच दे. कशाबद्दल विचारलं, तर सत्तर वर्षं धाकट्या भावाला झेलल्याबद्दल म्हणावं. त्याला कुणाचा पुरावा लागणार नाही. मी येऊ का, ते लगेच कळव.