आबा, तुमच्या तोंडाचा वास

आबा,

परवा सकाळी उंब्रजच्या स्वयंपाकघरात तुमच्या तोंडाचा वास आला. काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा, गोडूस. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. वळून बघतो तर दारात तुमची नात, तांब्या तोंडाला लावून.

पोरगी चोवीस वर्षांची, सांगलीत नोकरीला. दारूचा थेंब नाही, तरी सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली. भावकीनं लगेच विचारलं, "पोरगी घेती काय रं?" आपल्याकडं लिव्हर म्हटलं की बाटली आधी आठवते. हिनं मोबाइलवर बघून किटोनची, म्हणजे चरबी जाळते म्हणतात ती पावडर मागवली, भाकरी सोडली आणि डब्यावरच्या इंग्रजी अक्षरांची भक्ती सुरू केली. डॉक्टरांनी झापलं, "यानं लिव्हर बरं होईल, असं मी छातीठोक सांगणार नाही. बंद कर."

त्या पावडरीनंही तोंडाला वास येतो, म्हणून मी दारातच विचारलं, "पावडर घेतलीस ना?"

"नाही हो बाबा, डबा कधीच टाकला. तहानच भागत नाही."

सतरा वर्षांपूर्वी, त्या शेवटच्या दुपारी, तुम्हीही असेच दारात उभे होतात, तांब्या घेऊन. "न्हाई रं घेतली. तहान लय लागती." तुम्ही निवृत्त फौजी, दर महिन्याला कॅन्टीनची रम आणणारे; तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार? मी चार पाहुण्यांदेखत म्हणालो, "मग ती रम काय देवीला वाहता, आबा?" सगळे हसले. विनोद जमला होता. उतरेल म्हणून तुम्हाला झोपवलं, ते तुम्ही उठलाच नाहीत. नंतर ट्रंक उघडली, तर सगळ्या बाटल्या सीलबंद. वास आणि तहान ऐकून डॉक्टर म्हणाले, साखर वाढली असणार.

परवा पोरगी धापा टाकायला लागली तसं तिला गाडीत घातलं. ती माझ्या शेजारी होती, पण श्वास मागच्या सीटवरून ऐकू येत होता. संथ, खोल, तुमच्या त्या शेवटच्या दुपारचा. कराड येईपर्यंत मी आरशात बघितलं नाही.

कराडच्या दवाखान्यात तपासलं, तर साखर भयंकर वाढली होती. आता इन्सुलिन चालू आहे, ती शुद्धीवर आहे. काल हात धरून म्हणाली, "बाबा, तुम्ही माझं ऐकलंत, म्हणून वाचले."

ऐकलं कुठलं! कराडपर्यंत मी तिला पावडरीवरूनच शिव्या घालत होतो. डॉक्टरांनाही तेच सांगितलं, ती खोटं बोलतेय म्हणून. गाडी पळवली ती मागच्या सीटच्या भीतीनं. हे तिला सांगितलेलं नाही. नुसती मान डोलावली.