सही न केलेला कागद

मल्लिनाथ,

दुसऱ्या बँकेच्या घरकर्जाचा कागद जामीनदार म्हणून माझी सही न करता टीव्हीखाली ठेवला आहे. पहिल्या बँकेने अर्ज का परत पाठवला, ते काल मी स्वतः जाऊन विचारलं. चार वर्षांपूर्वी मोबाईलवरून घेतलेलं कर्ज तू फेडलंच नाहीस. ॲप काढून टाकलं की कर्ज मिटतं, एवढीच तुझी अक्कल! आणि वसुलीसाठी नंबर दिलास माझा. "म्हातारे, चोर हाय की तुजा ल्योक," हे वसुलीवाल्याचं बोलणं मी भाकऱ्या थापताना फोनवर ऐकून घेतलं.

आधी ते पैसे भर, बाकी नसल्याचा दाखला आण. तोवर मी मोहोळला तुझ्या बहिणीकडे राहीन.

माझ्या वेड्यावाकड्या सहीमुळे अर्ज परत आला, असं तू बायकोला, काव्याला सांगितलंस. आठ दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. तिला आजच खरं सांग.

आई