विहिरीवर पारवे किती

शिक्रापूर
रविवार

प्रिय दादा,

हे पत्र सारिकाच्या हातून तुझ्याकडं येतंय, म्हणजे पोस्टमनला दोष देऊन ‘मिळालंच नाही’ म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. फोन केला असता, पण माझा नंबर तू उचलत नाहीस हे लग्नापासून मला माहीत आहे. आणि चुकून उचललासच, तर मी नुसती रडत बसेन आणि तू ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून देशील. कागदावर मी रडले तरी तुला ऐकू येणार नाही. वाचून झाल्यावर चुलीत घातलंस तरी चालेल, पण आधी शेवटपर्यंत वाच. शाळेत माझा निबंध अर्धा वाचून ‘बरा हाय’ म्हणायचास, तसं करू नकोस.

आधी आमचं सांगते. भिमा त्याच कंपनीत आहे. रात्रपाळी असली की घरी असूनही नसल्यासारखा. त्याचं नाव तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, ‘तो दौंडकडचा’ एवढंच ऐकलं, म्हणून मुद्दाम लिहिते. भिमा. रुद्र दुसरीत गेलाय. नाक आप्पांचं आणि हट्टही त्यांचाच. दोन्ही हात मागं बांधून दुसऱ्याचं काम बघत उभा राहतो, तेव्हा मला हसावं का रडावं कळत नाही. त्याच्या पाठीवर एक मुलगी झालीय, समृद्धी. तिचं नंतर सांगते, कारण तिच्यापर्यंत यायला मला आधी एकवीस सालच्या एप्रिलमधून जावं लागणार आहे.

तेव्हा भिमाची आई, म्हाळसाबाई, दौंडच्या पुढं त्यांच्या गावी आजारी पडली. कोरोनाच निघाला. तिला बघायला भिमा गेला आणि तिकडंच त्यालाही झाला. दौंडच्या सेंटरमध्ये त्याला ठेवून घेतलं. आणि इकडं हायवेमागच्या चाळीत वरच्या खोलीत मी आणि साडेचार वर्षांचा रुद्र. पुढच्याच आठवड्यात रुद्रला ताप आला. आधी मी साधा समजले, पण पोरगं जेवेना, श्वास भरभर घ्यायला लागलं. लहान मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं तर दारातूनच सांगितलं, आधी टेस्टचा रिपोर्ट आणा, मग आत या. म्हणजे टेस्ट करायची हे ठरलेलंच होतं. कुठं आणि कशी, एवढंच ठरवायचं होतं, आणि दादा, तेवढं ठरवताना मी म्हातारी झाले.

घरमालकीण सुषमावहिनी जिन्यात खालच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, “टेस करूच नका ताई. दाराला पाटी लागली की खालची बिहारची पोरं खोल्या सोडून पळत्याल. तापच हाय, जातोय.” शेजारणीनं खिडकीतून आडगावच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. ते म्हणे टायफॉइड म्हणून गोळ्या देतात, कोरोनाचं नावच काढत नाहीत. शिरूरच्या सरकारी दवाखान्यात उजाडल्यापासून रांग लागत होती, त्या गर्दीत तापलेलं पोर घेऊन कुठं बसू? आणि पॉझिटिव्ह निघाला तर त्याला एकट्याला उचलून नेतील, असं जो तो सांगत होता. खरं-खोटं विचारायला कुणी नव्हतं. भिमाला फोन लावला तर घशातून आवाज निघत नव्हता त्याच्या. “तूच ठरव गं, मला हितनं काय कळतंय?” एवढं म्हणून तो खोकत राहिला. मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. खोकत का होईना, माणूस होतं पलीकडं.

शेवटी हायवेवरच्या खासगी लॅबमध्ये गेले. तिथल्या मुलानं काडी पुढं केली आणि रुद्रनं जो आकांत केला म्हणून सांगू! मी त्याचे हात धरले तर त्यानं मान फिरवली, मान धरली तर लाथा झाडल्या. माझीच पकड सुटत होती. दोनदा काडी वाया गेली. तो मुलगा वैतागला नाही, पण म्हणाला, “मॅडम, आईनं धरून न्हाई होत. आई ढिली पडती. दुसरं कुणी हाय का संगं?”

दुसरं कुणी. मी बाहेर झाडाखाली येऊन फोनमधली नावं वर-खाली करत बसले. कंपनीतल्या मैत्रिणी, भिमाचे मित्र, रुद्रच्या बालवाडीच्या बाई. एरवी एका हाकेला धावून येणारी माणसं होती ती. पण तापलेल्या पोराला छातीशी धरा असं त्या दिवसांत कुणाला सांगायचं? त्यांच्याही घरी लेकरं होती. भिमाच्या जवळच्या मित्राला, ज्ञानूला विचारलं, तो म्हणाला, “वयनी, घरी म्हातारं हाय.” मी त्याला आजही बोल लावत नाही. पण तेव्हा मला कळलं, एखादं माणूस आपलं आहे का नाही, ते आपल्या पोराला मांडीवर घेतं का यावर ठरतं.

नावांच्या शेवटाकडं ‘दादा’ होतं. त्या नावावर बोट ठेवून मी बसले होते. आठवतं का, आपल्या शाळेत टोचायला यायचे तेव्हा मी बाकाखाली लपायचे? मग गुरुजी तुला सातवीतून बोलावून आणायचे. ओट्यावर बसून तू मला मांडीवर घ्यायचास, गुडघ्यांत माझे पाय आवळायचास, डाव्या तळव्यानं माझे डोळे झाकायचास आणि कानात विचारायचास, “बारके, विहिरीवर पारवे किती?” आपल्या विहिरीच्या कपारींत पारवे राहायचे. मी मनातल्या मनात कपारी मोजायला लागायचे, आणि सात-आठपर्यंत येते तोवर सुई टोचून झालेली असायची. तू हे कुणाला शिकवलं नव्हतंस. आईलाही माहीत नव्हतं.

तुला फोन लावला नाही. लग्नाच्या वेळी पोलीस ठाण्यात सगळ्यांसमोर आप्पा म्हणाले होते, ‘आमची पोरगी आम्हाला मेली.’ तेव्हा तू खाली बघत होतास. मी तुझ्याकडंच बघत होते, एकदा तरी मान वर करशील म्हणून. तुझं नाव तसंच ठेवून मी सारिकाला फोन केला. माझी वर्गमैत्रीण, पण आता आपल्या तळेगावच्या सरकारी दवाखान्याची आशाताई, एवढ्याच नात्यानं. ती म्हणाली, “उद्या सकाळी आपल्या शाळंत लहान पोरांचं घेणारेत. गर्दी नसती. तू ये. धरायला माणूस मी बघते.” शिक्रापूर ते तळेगाव किती ते तुला ठाऊक आहे. स्कूटीला पेट्रोलही लागत नाही धड. पण लग्नानंतर मी त्या रस्त्याला गेले नव्हते, आठवडे बाजारालासुद्धा नाही. आणि गेले ती अशी, पोराला ओढणीनं पोटाशी बांधून, तोंडाला दोन-दोन मास्क लावून. कुणी ओळखलं नाही. वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

शाळेच्या त्याच ओट्यावर टेबल मांडलं होतं. नर्सबाई होत्या, सारिका होती, आणि बाकावर एक माणूस पांढऱ्या किटमध्ये नखशिखांत झाकून बसला होता. चष्म्यावर इतकी वाफ धरलेली की डोळेसुद्धा दिसत नव्हते. रुद्र त्याला बघून “भूत, भूत” करून माझ्या मानेला चिकटला. सारिकानं मला लांब लिंबाखाली उभं केलं आणि त्याला काढून नेलं. त्या माणसानं त्याला मांडीवर घेतलं. मला पोराची पाठच तेवढी दिसत होती. आता किंचाळेल, मग किंचाळेल म्हणून मी कान झाकले. तो माणूस त्याच्या कानाशी वाकला, आणि रुद्र शांत झाला. लॅबमध्ये दोघांना आवरला नव्हता, तो पोरगा त्या मांडीवर गप्प बसला. झालं म्हणून नर्सबाईंनी हात वर केला.

मी जवळ गेले. रिक्षावाल्याला म्हणतो तसं त्या माणसाला म्हणाले, “भाऊ, उपकार झाले तुमचे.” त्यानं नुसती मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, किटमध्ये बिचारा उकडून निघाला असेल.

परतीच्या वाटेवर गावाबाहेर उसाच्या फडापाशी आलो, तेव्हा रुद्र म्हणाला, “आई, त्या भुतानं मला विचारलं, विहिरीवर पारवे किती. कुठली विहीर गं?”

मी स्कूटी थांबवली. बंद करायचंही सुचलं नाही, ती तशीच फटफट करत राहिली. मागं फिरावं असं वाटलं. फिरले नाही. फिरले असते आणि तू ओळख दिली नसतीस, तर मला ते सोसलं नसतं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी फोनवर आला. पॉझिटिव्ह. पण तो कागद हातात आल्यावर डॉक्टरांनी पोराला तपासलं, औषधं दिली, घरीच ठेवा म्हणाले. कुणी उचलून नेलं नाही. दाराला पाटी लागली. सुषमावहिनीनं जिन्याखालून जेवायचा डबा दोरीला बांधून पाठवला, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. रुद्रचा ताप उतरत गेला आणि मी मात्र रोज संध्याकाळी खिडकीत बसायचे. तुझ्या बुलेटचा आवाज मी झोपेतही ओळखते. हायवेवर दिवसभर ट्रक चालायचे, आणि त्या ट्रकांच्या आवाजातून मी तेवढा एक आवाज निवडत बसायचे. तू आला नाहीस. भिमा बरा होऊन आला, म्हाळसाबाई गेल्या, पाटी निघाली. तू आला नाहीस.

मग मला राग आला, खरं सांगते. मी मनाशी धरलं की तू तिथं कामाला होतास, मंडळाच्या पोरांबरोबर. येईल त्या पोराला मांडीवर घेत होतास, त्यांतलाच माझा एक. आणि प्रत्येकाच्या कानात आपले पारवे वाटत होतास! याचाच मला जास्त राग आला. विहीर आपली, पारवे आपले, आणि तू गावाला फुकट मोजायला दिलेस. रुद्र अधूनमधून विचारायचा, “ती विहीर कुठं आहे?” मी म्हणायचे, भुतांची असेल.

गेल्या महिन्यात सारिका इथं कपड्यांच्या दुकानात भेटली. रसवंतीत बसलो. बोलता बोलता मी तुझं नाव घेऊन टोमणा मारला, तुमच्या इंद्रजीतची ड्यूटी बरी होती की त्या एप्रिलात. ती ग्लास खाली ठेवून बघतच राहिली. म्हणाली, “कुठली ड्यूटी? येकच दिस आलता. तुझा फोन झाल्यावं मी त्येला सांगितलं, सायलीच्या पोराला धरायला कोण न्हाई. म्हणला, मला ते पांढरं कापड दे, आन् तिला सांगू नको. रुद्रचं झालं आन् उठून गेला. दुसऱ्या पोराला हातसुद्धा न्हाई लावला.” आणि मग तिनं हेही सांगितलं, की तिथनं तू घरी गेलाच नाहीस. आप्पा-आईला लागायला नको म्हणून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत राहिलास, पंधरवडाभर. आई डबा बांधावर ठेवून जायची. घरी सांगितलंस, मंडळाचं काम होतं.

दादा, त्या दिवसांत मी इथं खिडकीत बसून तुझी वाट बघत होते, आणि तू तिथं विहिरीवर एकटा बसला होतास. तीन वर्षं मला हे माहीत नव्हतं. मी तुला किती शिव्या घातल्या असतील. त्या परत घेत नाही, एवढं मोठं काम करून गप्प बसल्याबद्दल राहू देत तुझ्याकडं.

आता समृद्धीचं. दहा महिन्यांची झालीय. पुढच्या रविवारी भिमाच्या गावी बिरोबासमोर तिचं जावळ काढायचंय. रुद्रच्या वेळी मांडीवर घ्यायला मामा कोण म्हणून विचारलं तेव्हा सगळे इकडं-तिकडं बघायला लागले, आणि शेवटी ज्ञानू बसला. चांगला बसला, पण रुद्र न्हाव्याच्या हातून दोनदा निसटला. त्याला पारवे कुठले माहीत? हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं. आप्पांपासून लपव असं मी सांगणार नाही. सांगून ये, भांडून ये, कसाही ये. पोरगी रडकी आहे, माझ्यावर गेलीय. तिला मांडीवर घे, डोळ्यांवर हात ठेव आणि काय विचारायचं ते विचार. रुद्र शेजारी उभा राहून ऐकेल आणि त्याला विहिरीचा पत्ता लागेल. फक्त एवढं कर, या वेळी तोंड झाकून येऊ नकोस.

तुझीच,
बारकी