शिफारशीच्या रकान्यातलं वाक्य

४ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

साष्टांग कागदावरच समज. समोर असतास तर पायांऐवजी कान धरला असता.

मंगळवारी कामावर गेले, तर आमच्या कुटुंब नियोजन केंद्राला कुलूप आणि दारावर नोटीस. नोटिशीत तपासनिसाच्या अहवालातलं वाक्य उतरवलेलं: "अशा यंत्रावर केंद्र चालवणे म्हणजे बायकांच्या जिवाशी खेळ आहे, केंद्र तात्काळ बंद करावे." खालचा तपासनिसाचा क्रमांक बघायची गरजच पडली नाही. स्वल्पविराम इतका जागच्या जागी घालणारा खात्यात दुसरा कोण आहे? चौदा वर्षं मी सांभाळलेल्या केंद्राला माझ्या सख्ख्या भावानं कुलूप घातलं.

तू तपासलंस ते हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र. ते तांबी बसवताना लागतं. गोळ्या काय त्यात उकडायच्या असतात? तीन महिन्यांच्या इंजेक्शनाची सुई तर दर वेळी नव्या पाकिटातून निघते. दहातल्या आठ जणी या दोन गोष्टींसाठीच येतात, कारण इथे फुकट मिळतं आणि चालत येता येतं. आता म्हणे पुलापलीकडच्या केंद्रात जा. म्हणजे दोन बस आणि एक रोज बुडाला. पायरीवर इस्त्रीवाली बसली होती. तिनं विचारलं की बाई, तुमचा भाऊ शिकलेला आहे ना? मी सांगितलं, स्वतःचा स्वतः शिकलाय, तेच नडलंय.

आणि एक गोष्ट, जी फक्त तुझ्यापुरती ठेव. आपली धाकटी माझ्याकडे इंजेक्शन घेते. दुसऱ्या बाळंतपणात तिला झटके आले तेव्हा बाहेरच्या बाकावर तूच होतास, आणि तिसऱ्या खेपेला जगेल याची खात्री नाही हे डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. तिची तारीख उलटून गेली आहे. उशिराची मुभा धरून शेवटचा दिवस १९ जून. मेहुण्यांना यातलं काही माहीत नाही.

लोभ तूर्त कुलपाआड आहे.

तुझी,
माई

८ जून

चि. माईस अनेक आशीर्वाद.

तू कितीही भांडलीस तरी आशीर्वादात काटछाट करणार नाही.

आधी तपशील घे. यंत्राच्या दाराचं रबरी गॅस्केट पावणेतीन इंच चिरलेलं. यंत्र गार असताना दाबाचा काटा चारवर अडकलेला. सेफ्टी व्हॉल्व्हवर कुणा शहाण्यानं रंगाचे दोन हात मारलेले, म्हणजे दाब वाढला तर तो उघडणार नाही, यंत्रच फुटेल. त्या यंत्रापुढे रोज उभं कोण राहतं? तूच ना?

सातवीनंतर मी शाळा पाहिली नाही. यंत्रांबरोबर येणारी पुस्तकं मांडीवर शब्दकोश घेऊन वाचली आणि शिकलो. बावीस वर्षांत माझ्या अहवालातला एक आकडा कुणी खोडून दाखवलेला नाही. ते वाक्य घातलं ते साहेबांना घाम फुटावा आणि तुला नवं यंत्र मिळावं म्हणून. वाक्य चांगलंच होतं. घरी वाचून दाखवलं तेव्हा तुझी वहिनी म्हणाली, यात यंत्रापेक्षा तुम्हीच जास्त दिसता. तिला मी गप्प बसवलं.

गॅस्केट बदलणं अर्ध्या तासाचं काम. पण तपासणाऱ्यानं दुरुस्तीला हात लावायचा नाही असा नियम आहे, आणि नियम योग्यच आहे.

शुक्रवारी साहेबांकडे जातो. आणि धाकटीचं इतके दिवस माझ्यापासून का लपवलंत? मी काय परका आहे?

लोभ माझ्याकडून आहे तेवढाच आहे, मोजून घे.

दादा

११ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

परका नाहीस म्हणूनच लपवलं. परक्याला सांगितलं तर तो ऐकून घरी जातो. तुला सांगितलं की तू तपासणीला येतोस.

धाकटी काल पुलापलीकडे गेली. पॅकिंगच्या कारखान्यातून सुट्टी मागून, लहान्याला कडेवर घेऊन. चार तास उभी होती. खिडकीवरच्या बाईनं कार्ड उलटंपालटं केलं आणि जुन्या केंद्राचं बदलीचं पत्र आणायला सांगितलं. जुनं केंद्र म्हणजे मी, आणि माझा शिक्का कुलपाच्या आत! साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तपासनिसानंच लिहून दिलंय, त्यांचा नाइलाज आहे. शिवाय त्या खोल्या जुन्या फायली ठेवायला हव्याच होत्या. बायकांना जागा नाही, फायलींना आहे.

तुझा आकडा कुणी खोडला नाही म्हणतोस ना? मग वाक्य तूच खोड.

लोभाचं त्यानंतर बघू.

माई

१६ जून

चि. माईस अनेक आशीर्वाद.

साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, इतका स्वच्छ अहवाल पाहिला नाही. पलीकडच्या सहा केंद्रांची तपासणीही मलाच द्यायचा विचार आहे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना हवं असलेलं कुलूप मी घडवून, घासूनपुसून त्यांच्या हातात दिलं होतं.

मी वाक्य मागे घेतो म्हणालो. तर दुरुस्तीशिवाय फेरतपासणी नाही, मंजुरीशिवाय दुरुस्ती नाही, आणि बंद केंद्राला मंजुरी नाही! माझा तोल गेला. टेबलावर हात आपटला आणि बोलून गेलो की माझी सख्खी धाकटी बहीण त्या इंजेक्शनावर जगते आहे. दार उघडं होतं, बाहेर बाकावर माणसं होती. तू बजावलं होतंस. तरी हे लिहितोय, कारण गैरसोयीचा तपशील गाळायची सवय मला नाही.

शनिवारी मी कोऱ्या कागदावर नवा अहवाल लिहिला: यंत्र नादुरुस्त आहे, गोळ्या आणि इंजेक्शन यांचा यंत्राशी काहीही संबंध नाही, केंद्र बंद करण्याची माझी शिफारस चूक होती आणि ती करणे माझ्या कामात बसत नव्हते. "चूक" हा शब्द माझ्या अक्षरात कसा दिसतो ते प्रथमच पाहिलं. साहेबांनी कागद घेतला नाही. मी तो नोटिशीखाली चिकटवला. इस्त्रीवालीनं तो मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावला आणि केंद्रात येणाऱ्या बायकांसाठी प्रती मागितल्या.

त्रेचाळीस प्रती हातानं लिहिल्या. प्रत्येकीनं खाली आपलं मागणं लिहून सही केली, आणि सोमवारी सगळ्या जणी आवक खिडकीवर उभ्या राहिल्या. माझा कागद साहेब नाकारू शकतात, पण खिडकीवरच्या कारकुनाला येणाऱ्या प्रत्येक अर्जावर शिक्का मारावाच लागतो, आणि शिक्का बसला की लेखी उत्तर द्यावंच लागतं. सत्ताविसाव्या अर्जाला शाई संपली. इस्त्रीवालीनं समोरच्या दुकानातून नवी बाटली आणून दिली. चार वाजता आदेश निघाला: गोळ्या आणि इंजेक्शनासाठी केंद्र गुरुवारपासून उघडावं.

साहेबांनी माझं तपासनिसाचं ओळखपत्र काढून घेतलं. एका अर्थी बरंच झालं. आता मी तपासणारा नाही, तेव्हा दुरुस्तीला हात लावू शकतो. गुरुवारी गॅस्केट आणि नवा व्हॉल्व्ह घेऊन येतो. तपासायला दुसरा कुणी येईल. त्यानं नीट तपासलं नाही तर माझ्याशी गाठ आहे.

लोभाचं कुलूप उघडलं का, ते कळव.

दादा

२० जून

ती. दादास सा. न. वि. वि.

माईऐवजी माझं, धाकटीचं पत्र पाहून दचकू नकोस. इंजेक्शन मिळालं. १८ तारखेला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, डाव्या दंडात. तुला तपशील लागतो म्हणून लिहिलं.

आता माझं ऐक. साहेबांच्या बाहेरच्या बाकावर आमच्या गल्लीतला किराणावाला होता. संध्याकाळपर्यंत यांच्या कानावर गेलं. आठवडा झाला, घरात शब्द नाही. भावाला सांगितलं आणि नवऱ्याला नाही, हे त्यांना लागलंय. भावालाही मी सांगितलं नव्हतं, हे त्यांना पटत नाही.

एकदा तू शिफारशीच्या रकान्यात लिहिलंस, एकदा साहेबांच्या टेबलावर बोललास. दोन्ही वेळा आमच्या भल्यासाठी, आणि दोन्ही वेळा आम्हाला न विचारता. तुझ्या हातून त्रेचाळीस प्रती झाल्या, पण मला एक ओळ लिहून विचारणं झालं नाही.

तिसरं बाळंतपण नको असं लिहिलेला डॉक्टरीणबाईंचा कागद मी यांच्या डब्याखाली ठेवला होता. काल तो घडी बदललेला सापडला, म्हणजे वाचलाय. समजूत घालायला तू येऊ नकोस. ते माझं मी बघेन.

माझी पुढची तारीख १७ सप्टेंबर. त्या दिवशी दार उघडं असलं पाहिजे, एवढंच तुझं काम. गॅस्केट झकास बसवलंस असं माई म्हणत होती. तुला म्हणाली नसेलच.

लोभ आहे, दादा. फक्त तो कुणाला सांगत बसू नकोस.

तुझी,
धाकटी